रक्ताचा दोष की कोयत्याचा वारसा?

‘घराण्यातच आहे’ एवढे दोन शब्द बीड जिल्ह्यात मुलीची जुळत आलेली सोयरीक मोडण्यास पुरेसे ठरतात. काका वेडसर होता, आजीला फेफरे येत असे, असे कानावर आले की पाहुणे मागे फिरतात. या समजुतीला आपल्या काही प्रार्थनासभांतून धार्मिक मुलामा दिला जातो, हे अधिक गंभीर आहे. आजाराचे मूळ पूर्वजांच्या पापात शोधा, वंशवृक्ष मांडा, शाप तोडण्याची प्रार्थना करा, असे तेथे सांगतात. या शिकवणुकीचा स्पष्ट शब्दांत निषेध केला पाहिजे.

मुळात ही शिकवण ख्रिस्तसभेची नाही. केनेथ मॅकॉल या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाच्या १९८२ च्या पुस्तकाने तिला जगभर चालना दिली. फ्रान्सच्या महागुरूंनी २००७ मध्ये आणि स्पेनच्या महागुरूंनी २०२४ मध्ये तिच्याविरुद्ध इशारा दिला. पाप ज्याचे त्याचे असते. वंशाने येते ते केवळ मूळपाप आणि त्याची क्षमा स्नानसंस्कारात होते. यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात हेच आहे. जन्मांधाबद्दल शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने त्याचाही दोष मानला नाही, आईबापांचाही नाही. प्रभूने जो प्रश्नच नाकारला, तो आपण रुग्णाच्या उशाशी बसून पुन्हा का विचारावा?

यावर कोणी म्हणेल, आनुवंशिकता तर विज्ञानही मानते. अवश्य मानते, पण काय मानते ते नीट पाहावे. छिन्नमनस्कता शंभरांत सुमारे एकाला होते. आई किंवा वडिलांना ती असल्यास मुलांत हे प्रमाण शंभरांत दहाच्या आसपास जाते. म्हणजे नव्वद जण त्यातून सुटतात. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ती झाली, तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसऱ्याला होत नाही. रक्तातून येतो तो कल; निकाल नव्हे. त्या कलाचे आजारात रूपांतर होण्यात परिस्थितीचा मोठा वाटा असतो. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला; त्याच्या ऐन कडाक्यात गर्भात राहिलेल्या मुलांत पुढे छिन्नमनस्कतेचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. ती भूक कोणा पूर्वजाच्या पापातून आली नव्हती. ती युद्धाने लादली होती.

आता बीडकडे पाहू. १९७२ चा दुष्काळ, २०१२-१३ चा दुष्काळ, उचल फेडण्यासाठी दरवर्षीचे स्थलांतर, कोपीतले बाळंतपण, पोटुशी असताना डोक्यावर उसाची मोळी! ऊसतोड करणाऱ्या १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे २०१९ मध्ये शासनाच्या समितीपुढे आले. कित्येकींना कर्करोगाची भीती घालण्यात आली होती. अशा घरात तीन पिढ्या दुखणे दिसले, तर तो केवळ रक्ताचा वारसा कसा म्हणावा? तेथे कोयताही वारशाने येतो, कर्जही येते. पूर्वजांवर बोट ठेवले की मुकादम, कारखाना आणि शासन हे तिघेही सहज सुटतात.

प्रार्थनेला कोणाचाच विरोध नाही. रुग्णाभ्यंग हा आपलाच संस्कार आहे. पण ‘शाप तुटला’ या भरवशावर कोणी औषधाच्या गोळ्या बंद केल्या, तर त्याचे उत्तर कोण देणार? घराण्यातील आजारांची माहिती अवश्य घ्यावी. ती वेळीच उपचार व्हावेत म्हणून, दोष देण्यासाठी नव्हे. आपल्या धर्मगुरूंनी आणि प्रार्थनागटांच्या प्रमुखांनी वंशवृक्षाचे कागद बाजूला ठेवून रुग्णाचा हात धरावा आणि त्याला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे. त्याच्या बहिणीचे लग्न ठरत असेल, तर त्या कुटुंबाच्या बाजूने चार शब्द बोलावेत. शेजारधर्म तो हाच.