आधी अनेकवचन, मग विभक्ती

विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यात १८०५ साली छापलं गेलं. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकणाऱ्या कंपनीच्या तरुण अंमलदारांना ते हवं होतं. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं १८३६मध्ये, मराठी बोलतच मोठ्या झालेल्या विद्यार्थ्यांसाठी. या दोन वाचकांच्या गरजा पार निराळ्या. घरात भाषा असलेल्या मुलाला व्याकरण नावं पुरवतं. नवख्याला मात्र तोंडातून वाक्य निघायला हवं असतं. त्याच्यापुढे पहिल्याच आठवड्यात प्रथमा ते संबोधन असा तक्ता मांडणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

कारण त्याचं अडतं ते प्रत्ययाच्या आधी. 'ला', 'त', 'वर' हे तो चटकन उचलतो. मग लखनौहून आलेला माणूस रिक्षावाल्याला सांगतो, ''ठाणेला जायचंय.'' दादरला, कल्याणला बरोबर; मग ठाण्यालाच काय झालं? झालं ते सामान्यरूप. शाळा 'शाळेत' होते, घोडा 'घोड्यावर', माणूस 'माणसाला'. मराठीची खरी किल्ली इथे आहे.

त्यातलं सर्वांत अवघड कोडं म्हणजे भिंत आणि जीभ. दोन्ही शब्द अकारान्त, दोन्ही स्त्रीलिंगी. तरी पाल भिंतीवर आणि चव जिभेवर! एकवचनाकडे कितीही निरखून पाहिलं तरी हा फरक दिसत नाही. अनेकवचनात तो लगेच दिसतो: भिंती, पण जिभा. अनेकवचन ईकारान्त असेल तर 'भिंतीवर', 'गोष्टीत'. आकारान्त असेल तर 'जिभेवर', 'वाटेत'. एवढं एक सूत्र शिकवलं तर शेकडो शब्द मार्गी लागतात.

दुसरा अडसर भूतकाळाचा. मी आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, केळं खाल्लं. बोलणारी बाई असो की पुरुष, क्रियापद खाल्लेल्या वस्तूमागे जातं. हिंदीत 'मैंने' म्हणताना 'ने' ऐकू येतो, मराठीत 'मी' तसाच राहतो. 'तिने', 'त्याने' म्हटल्यावरच गुपित उघडं पडतं. तमिळ, कन्नड किंवा भोजपुरी बोलणाऱ्याला ही रचना मुळातच परकी. त्याच्या तोंडी 'मी काम केलो' आलं तर कुणी हसू नये. सोलापूर-लातूरकडे कित्येक मराठी घरांत हेच रूप सहज बोललं जातं.

लिंगाचंही तसंच. हिंदीवाल्याची 'किताब' स्त्रीलिंगी, मराठी पुस्तक नपुंसकलिंगी, आणि त्याच्या भाषेत तिसरं लिंगच नाही. म्हणून नवख्यांच्या पुस्तकातली शब्दयादी नुसती 'पुस्तक, भिंत, जीभ' अशी नको. ती 'ते पुस्तक, पुस्तकं', 'ती भिंत, भिंती', 'ती जीभ, जिभा' अशी छापावी आणि वर्गात मोठ्याने म्हणून घ्यावी. आठ विभक्त्यांचा तक्ता सहा महिन्यांनी दाखवला तरी काही बिघडत नाही.