सात दिवसांत सगळा भूतान? नको गं बाई!



कार्तिकी पौर्णिमेनंतर आपलं मंडळ भूतानला निघणार आहे. काल कार्यक्रमाचा कागद हातात आला आणि माझं डोकंच फिरलं. सात दिवसांत थिंफू, दोचुला, पुनाखा, फोबजिखा, पारो! चार दिवस मुक्कामाला पोहोचायची वेळ रात्री आठ. आणि वर ठळक अक्षरात "आध्यात्मिक सहल, जैन भोजनासह".

कांदा, लसूण, बटाटा वगळला की झालं का जैन भोजन? भूतानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे, तरीही त्या दिवसांत तिथे पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो. मग आठच्या जेवणात चौविहार कुठे राहिला? महाराज सोबत न्यायचा का, खाकरे किती घ्यायचे, यावर आपण तीन बैठका भांडलो. सूर्यास्त कधी, हे एकीनेही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

काहीजणी म्हणतात, "भारतीयांना तिथे माणशी रात्रीमागे १,२०० रुपये फी. सहा रात्रींचे ७,२०० भरायचेच, तर सगळं बघून घेऊ." अगं, मी कॉमर्सवाली आहे, हिशेब मलाही कळतो. फी रात्रीची आहे, ठिकाणांची नाही. दोन गावं पाहा की दहा, पैसे तेवढेच. मग ते गाडीत बसून वसूल करायचे का?

पारोजवळचा तक्त्संग मठ १६९२ सालचा. गुरू पद्मसंभव तिथल्या गुहेत ध्यानाला बसले, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. उंची सुमारे ३,१०० मीटर, म्हणजे आपल्या मांगीतुंगीच्या दुपटीहून जास्त. कागदावर त्याला अर्धा दिवस, आणि दुपारी लगेच पुढचा प्रवास! चढणार कोण? साठीचे गुडघे!

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. कुठपर्यंत जायचं, याची मर्यादा आधीच आखायची. सहल ठरवतानाच ते विसरायचं?

माझं म्हणणं सरळ आहे. पुनाखा आणि फोबजिखा काढा. थिंफूला दोन रात्री, पारोला चार. तक्त्संगला पूर्ण दिवस द्या. दुसऱ्या दिवशी कुठेही जायचं नाही, फक्त सामायिक आणि विश्रांती. संध्याकाळचं ताट रोज साडेचारला. आणि निघण्याआधी सगळ्यांनी एकदा मांगीतुंगीच्या पायऱ्या चढून यायचं. जिला तिथे धाप लागेल, तिने तक्त्संगच्या पायथ्याशी बसायचं आत्ताच ठरवावं. त्यात लाज कसली?

रविवारच्या बैठकीत मी हेच मांडणार आहे. पटलं नाही, तर यादीतून माझं नाव काढा. पण मग कागदावरचा "आध्यात्मिक" हा शब्दही काढा.