घरचा संगणक : ग्राफिक्स कार्ड आणि त्याची वाट

बेळगावहून खानापूरकडे जाताना लागणारे मच्छे हे गाव आज दोन गोष्टींमुळे सर्वपरिचित आहे. एक तेथील औद्योगिक वसाहत आणि दुसरी, १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे ‘ज्ञानसंगम’ हे आवार. यंत्रभागांची रेखाटने असोत वा अभियांत्रिकीचा अभ्यास, दोहोंस संगणक लागतो आणि आता बरेचदा ग्राफिक्स कार्डही लागते. मग अशा घरांत प्रश्न उभा राहतो : आहे त्या संगणकात नवे कार्ड चालेल, की सारा संगणकच बदलावा? प्रश्न पदरच्या पैशांचा असल्यामुळे या महिन्यात त्याचाच विचार करू.

कार्ड मदरबोर्डवरील ज्या खाचेत बसते, ती खाच म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांच्यामधील वाट होय. आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना मिरजेचे स्थानक आठवत असेल. पुण्याकडून येणारी ब्रॉडगेज तेथे थांबे आणि पुढे लोंढ्याकडे मीटरगेजने जावे लागे. नव्वदीच्या दशकात हा मार्ग रुंद होईपर्यंत प्रवाशांना गाडी बदलणे चुकले नाही. संगणकातही प्रारंभीची वीसहून अधिक वर्षे असेच ‘गेज’ बदलत राहिले.

१९८१ च्या आयबीएम पीसीमधील खाच आठ बिटांची होती. १९८४ मध्ये ती सोळा बिटांची झाली. पुढे तिला आयएसए हे नाव मिळाले. १९९२ मध्ये पीसीआय आली. तिचा वेग सेकंदाला १३३ मेगाबाइट. पण तोही सर्व कार्डांत वाटून घ्यावा लागे. चित्रांचा भार तिला पेलेना, तेव्हा १९९७ पासून केवळ ग्राफिक्स कार्डासाठी राखीव अशी एजीपी खाच संगणकांत दिसू लागली. २६६ मेगाबाइटांपासून निघून ती अखेरीस सुमारे २,१०० मेगाबाइटांवर पोहोचली. परंतु आयएसए, पीसीआय आणि एजीपी यांपैकी एका खाचेचे कार्ड दुसरीत बसत नसे.

२००३ साली पीसीआय एक्स्प्रेसचे पहिले मानक आले आणि विचारच बदलला. अनेक तारांवरून एकदम धाडलेले बिट वेग वाढला की एकाच क्षणी पोहोचेनासे होतात. म्हणून या पद्धतीत प्रत्येक ‘लेन’ स्वतंत्रपणे माहिती वाहते. सोळा लेनची वाट पहिल्या पिढीत एका दिशेने सेकंदाला ४ गिगाबाइट नेई. तिसऱ्या पिढीत (२०१०) हा आकडा सुमारे १६, चौथीत (२०१७) ३२ आणि पाचवीत (२०१९) ६४ झाला. विशेष म्हणजे गेज तेच राहिले. नवे कार्ड जुन्या खाचेत सामान्यतः चालते. दोहोंपैकी जो धिमा, त्याच्या वेगाने.

मग मोठ्या आकड्यासाठी मदरबोर्ड बदलावा काय? बहुधा नाही. कार्डाला स्वतःची स्मृती असते. काम तिच्यात मावले, तर खाचेवरून फारशी ये-जा होत नाही. स्मृती अपुरी पडली की मात्र संगणकाच्या मुख्य स्मृतीकडे खेपा सुरू होतात आणि तेथे वाटेची रुंदी जाणवते.

२०२२ मधील रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे याचे बोलके उदाहरण. हे कार्ड सोळा लेनच्या खाचेत बसते, पण वापरते चारच लेन. चौथ्या पिढीत त्याला सुमारे ८ गिगाबाइट मिळतात. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर चारच, म्हणजे २००३ च्या पूर्ण खाचेइतके. त्याच्या मूळ आवृत्तीत स्मृतीही चारच गिगाबाइट. स्वस्त म्हणून ते जुन्या संगणकात बसवणाऱ्यालाच त्याचा तोटा अधिक!

याउलट पुण्याच्या सी-डॅकमधील ‘परम सिद्धी-एआय’ (२०२०) या महासंगणकात अनेक कार्डे एकत्र राबतात. तेथे पीसीआय एक्स्प्रेसही अपुरी पडते, म्हणून कार्डांना आपसांत जोडणारी एनव्हीलिंक ही वेगळी वाट आहे. दोन्ही दिशा मिळून तिचा वेग ६०० गिगाबाइट; चौथ्या पिढीच्या सोळा लेनचा ६४. पण ती गरज महासंगणकाची; विद्यार्थ्याच्या टेबलाची नव्हे.

तात्पर्य, दुकानात जाण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : मदरबोर्डची पिढी, लांब खाचेत प्रत्यक्ष किती लेन जोडल्या आहेत (सोळाची दिसणारी खाच कधी चारचीच असते), पॉवर सप्लायची क्षमता आणि पेटीतील मोकळी जागा. खाचेतून कार्डाला फार तर ७५ वॅट मिळतात. अधिक लागल्यास पॉवर सप्लायमधून वेगळी केबल हवी. बोर्ड तिसऱ्या पिढीचा असेल, तर आठ वा सोळा लेनचे आणि पुरेशा स्मृतीचे कार्ड घ्यावे. बोर्ड बदलण्याचे वाचलेले पैसे त्या स्मृतीवर खर्चले, तर मुलांच्या अभ्यासाला त्यांचा उपयोग अधिक होईल, असे आमचे मत आहे.