चावी कोणाच्या खिशात?

आमची मोटारसायकल कोणी मोडली ते मला माहीत नाही. शिक्षा कोणाला झाली ते मात्र पक्कं माहीत आहे. म्हणून हे लिहितोय.

दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ. गावाचं नाव सांगत नाही, घरचे तिथंच राहतात. दारव्ह्यावरून यवतमाळ–मूर्तिजापूर शकुंतला धावायची. इंग्रज कंपनीनं इथला कापूस ओढून न्यायला टाकलेली नॅरो गेज. आता ती धावत नाही. रूळ गवतात पडलेत. एसटी दिवसातून दोनदा, तीही आली तर. २०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप लागला तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. तेव्हा आई दवाखान्यात जायला कोणाकोणाच्या गाडीला हात करत उन्हात उभी राहायची. कोणी थांबायचं, कोणी ओळखून पुढं जायचं. मी इकडं मुंबईच्या गोदीत ठेकेदाराकडून उचल घेतली आणि दादानं जुनी स्प्लेंडर आणली. बत्तीस हजार. उचल फेडता फेडता माझे खांदे गेले.

एक गाडी, पाच माणसं. दादाचं मिस्त्रीकाम बाहेरगावी असलं की गाडी त्याची. काम गावात असलं की बहिणीची, ती दारव्ह्याला बी.ए. करते. आईला दवाखाना, बाबाला हंगामात कापसाचा भाव, वहिनीला माहेर. बहीण चालवायला शिकली ती नाल्याकडच्या कच्च्या रस्त्यावर, गुडघे सोलून घेत. आमच्या वस्तीतली गाडी चालवणारी पहिली पोरगी. ती निघाली की पारावरच्या गप्पा बंद व्हायच्या. लोक नुसते बघायचे.

फेब्रुवारीतली एक सकाळ. गाडी भिंतीला टेकलेली. टाकीला पोचा. हँडल वाकडं. सीटवर एका सरळ रेषेत चीर. पुढच्या ब्रेकची वायर तुटून लोंबकळत होती. रात्री कुत्रंसुद्धा भुंकलं नव्हतं.

आता आमच्या घरातलं कोर्ट ऐका.

"कोनं केलं बे?" बाबानं विचारलं. अंगणात उभं राहून, पण तोंड घराकडं करून. रस्त्याकडं करून नाही.

"पोरीनंच पाडली असन. अन् आता सांगत नाही."

"म्या नाही पाडली. संध्याकाळी साबूत लावली होती."

"मंग काय भुतानं पाडली?"

दादानं चावी काढून घेतली. खटला संपला. ना साक्ष, ना पुरावा. पोरगी अकरा दिवस घरात. कॉलेज बंद.

आणि मी? मोर्चात घोषणा देणारा, मुक्तीच्या कविता लिहिणारा मी फोनवर काय बोललो? "राहू दे थोडे दिवस. तिले म्हना एसटीनं जाय." म्हणजे निकालावर माझीही सही.

फोन खिशात टाकला आणि पाळीवर गेलो. धक्क्यावर नव्या कोऱ्या मोटारी जहाजात चढायच्या होत्या. एकेका मोटारीभोवती माणूस बॅटरी घेऊन फिरत होता. नखाएवढा ओरखडा दिसला तरी कागदावर येतो. कुठल्या बाजूला, किती लांब, किती वाजता दिसला, तेव्हा माल कोणाच्या ताब्यात होता. आपोआप झालं, असं तिथं कोणी लिहून घेत नाही. कारण त्या मालाला धनी आहे, विमा आहे, कोणाला तरी पैसे भरावे लागतात. आमच्या गाडीचाही विमा आहे. थर्ड पार्टी. आमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याला भरपाई. आमचंच कोणी केलं तर भोपळा. कायद्यानं सक्तीचा तेवढाच, आणि परवडतो तेवढाच.

रात्रभर डोक्यात तेच. ओरखड्यासाठी चौकशी होते, आणि माझ्या बहिणीला चौकशीशिवाय सजा?

दोन खाडे करून गावी गेलो. गाडी ढकलत दारव्ह्याच्या गॅरेजात नेली. मेकॅनिकनं ब्रेकची वायर बोटात धरली अन् म्हणाला, "हे पाय. घासून तुटली असती तर तारा मागंपुढं तुटल्या असत्या, तोंडाले गंज दिसला असता. ह्या साऱ्या एका लेव्हलले हायेत. पकडीनं कापली."

पकडीनं. म्हणजे गाडी पडली नाही, पाडली. आणि ब्रेकची वायर कापणाऱ्याला नुसता राग काढायचा नव्हता. त्या गाडीवर सकाळी कोण बसणार होतं ते गावाला माहीत होतं.

आता काही दोस्त म्हणतील, सरळ लिही ना, सवर्णांनी केलं. नाही लिहिणार. मी पाहिलं नाही. संशय आहे, दाट आहे, पण संशयावर फास आवळायची रीत त्यांची. ती आपण उचलायची नाही.

आपली गोष्ट निराळी आहे. १९०१ साली मसूर स्टेशनावर लहानगा भीमराव भावाभाच्यांबरोबर उतरला. महाराची पोरं म्हणून बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडं दिलं आणि पोरांनी स्वतः गाडी हाकली. गाडीवान बाजूनं चालत. १९२९ साली चाळीसगावात बाबासाहेब बॅरिस्टर होऊन आले, तर टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्या एका सवय नसलेल्या माणसानं लगाम धरला. टांगा पुलावर आदळला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. लगाम कोणाच्या हातात, हा प्रश्न आपल्याला असा जुना आहे.

आणि तो संपलेला नाही. संपला असता तर अत्याचार प्रतिबंध कायदा १९८९ ला २०१५ मध्ये दुरुस्ती करावी लागली नसती. २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू आहे. आपल्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकल, मोटारसायकल चालवायला, चप्पल घालायला, नवे कपडे घालायला, वरात काढायला अडवणं हा गुन्हा. चंद्रावर यान पाठवणाऱ्या देशाला 'मोटारसायकल' हा शब्द कायद्यात घालावा लागतो! लाज कोणाला वाटायची?

पण दोस्तहो, ह्या कायद्यानं बाहेरच्याला अडवता येईल. आमच्या दादाला कोण अडवणार? ज्यानं कोणी ती वायर कापली, त्याला पोरगी रस्त्यावर नको होती असं धरून चाला. त्यानं वायर कापली. चावी आम्ही काढली. अर्धं काम त्याचं, अर्धं आमचं. अंधारातला माणूस सापडत नाही, म्हणून उजेडातली बाई धरायची. हे आम्ही कोणाकडून शिकलो? मनूकडून. त्याची पोथी १९२७ ला महाडात जाळली, पण घराच्या आढ्यात तिची राख अजून पडते.

तेव्हा दोन गोष्टी करा. एक, तक्रार द्या. नाव माहीत नसलं तरी 'अज्ञात इसमाविरुद्ध' तक्रार देता येते. फार तर एन.सी. लिहितील. तो कागदही घ्या, तारीख पडू द्या. आमचा दादा म्हणायचा, "नाव कोनाचं घेशीन?" कोणाचंच नाही. जे दिसलं तेवढं सांगायचं. गोदीत ओरखड्याची नोंद होते, आपली का नको?

दोन, घरातलं कोर्ट बंद करा. आणि चालवायचंच असेल तर आधी वायरीचं तोंड बघा, मग बहिणीचं.

मी तिची माफी मागायला गेलो. ती म्हणाली, "माफी राहू दे. ब्रेकची वायर टाकली काय?"

टाकली होती. हँडल सरळ केलं, सीट शिवून घेतली. पोचा तसाच ठेवलाय, तिनंच सांगितलं. चावी आता दाराशेजारच्या खिळ्यावर असते, सगळ्यांच्या हाताला येईल अशी. सोमवारी ती पारावरून गाडी घेऊन गेली.

तुमच्या घरची चावी कुठं असते? खरं सांगा.

जयभीम.