खंड्याचा केसपेपर

गेल्या मे महिन्यात चार दिवसांची रजा टाकून आक्काकडे निपाणीला गेलो होतो. पणजीहून निघायचं, आंबोलीचा घाट चढायचा, आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत हायवेला लागायचं, की निपाणी आलीच. निपाणी आली हे बोर्ड वाचून नव्हे, वासावरून कळतं. तंबाखूचा वास. ज्यांच्या घरात तंबाखूला कोणी शिवत नाही त्यांच्या पडद्यांनाही तो असतो. रास्त भावासाठी १९८१ साली शेतकऱ्यांनी इथंच हायवेवर ठाण मांडलं होतं आणि गोळ्या झेलल्या होत्या. त्यामुळे इथल्या माणसाला तंबाखू म्हणजे व्यसन एवढंच सांगायला जाऊ नये. आक्काच्या सासूबाईंची उमर वखारीत गेली. आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणतो.

तर हा लेख आहे आक्काकडच्या कुत्र्याबद्दल. नाव खंड्या. जात विचारू नका. मुधोळ इथून फार लांब नाही, त्यामुळे या भागात प्रत्येक लांब तोंडाच्या कुत्र्याचा मालक 'यात थोडं मुधोळ हाय' असं सांगतो. दाजीही सांगतात. आमच्याकडे गोव्यात त्याला सरळ 'सुणें' म्हणून मोकळे झाले असते.

मी पोचलो त्याच्या आधीपासून दोन-तीन दिवस खंड्या जेवत नव्हता. कानात, बोटांच्या बेचक्यांत गोचिडी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उशिरा उठलो, तर अंगणात खंड्या आडवा पडलेला, तोंडातून लाळेची तार, मागचे पाय थरथरताहेत. दोनदा ओकला. दाजींनी शेजाऱ्याची ओम्नी मागितली आणि आम्ही त्याला पोत्यावर घालून दवाखान्यात नेलं. बरोबर भाचीही चढली. दाजी म्हणत होते, "पित्त झालंय, जरा सोडा पाजू या का?" मी म्हटलं, आधी डॉक्टरांना विचारू.

डॉक्टर तरुण, मूळचे विजापूरकडचे, निपाणीत येऊन वर्षही झालं नव्हतं. मराठी स्वच्छ, पण अडलं की कानडी शब्द येई. त्यांनी हिरड्या बघितल्या, पांढुरक्या होत्या. थर्मामीटर लावला, ताप १०४. मग विचारलं, "घरात काही औषध, काही दिलंय का?"

दाजी म्हणाले, "न्हाई हो डॉक्टर. काही न्हाई."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. दाजींनी पुन्हा तेच सांगितलं. आणि माझी नऊ वर्षांची भाची म्हणाली, "आजीनं मघाशी तंबाखूच्या पाण्यानं आंघोळ घातली की त्याला. गोचिडी मरायला."

दाजी खाली बघायला लागले. त्यांना माहीत होतं. खंड्याच्या अंगाला वास तर येतच होता, पण निपाणीत तंबाखूचा वास हा पुरावा होऊ शकत नाही. ओम्नीलाही तोच वास होता, आम्हालाही.

पुढची पंधरा मिनिटं डॉक्टर एक शब्द जास्त बोलले नाहीत. हातमोजे घालून त्यांनी खंड्याला कोमट पाणी आणि साध्या शांपूने दोनदा धुतलं, सलाईन लावलं, छातीवर नळी ठेवून बसून राहिले. दाजींनी सोड्याचं विचारल्यावर मात्र मान वर करून म्हणाले, "अजिबात नको. तुम्ही तंबाखूला चुना का लावता?"

"चढायला," दाजी म्हणाले.

"मग तेच. सोडा काय, पित्ताची गोळी काय, पोटातलं आम्ल मारतात. आम्ल मेलं की निकोटिन रक्तात जास्त भिनतं. तुम्ही त्याला चुना लावून दिल्यासारखं झालं असतं."

इतकं सोपं करून सांगणारा डॉक्टर मी माणसांच्या दवाखान्यातही क्वचित पाहिला आहे.

मी कारकून माणूस, आकडे दिसले की हात शिवशिवतात. कुत्र्याला दर किलो वजनामागे साधारण ९ ते १० मिलिग्रॅम निकोटिन पोटात गेलं तर ते जिवावर बेतू शकतं. खंड्या १८ किलोचा, म्हणजे १६०-१८० मिलिग्रॅम. तंबाखूत निकोटिन शेकडा दोन-तीन टक्के धरलं, तरी १० ग्रॅम भुकटीत २०० ते ३०० मिलिग्रॅम झालं. आजींनी बादलीत दोन मुठी टाकल्या होत्या. सगळं काही पोटात जात नाही, हे खरं. पण कातडीतूनही ते भिनतं, आणि कुत्रं ओलं झालं की अंग चाटतं. खंड्या ओकला म्हणून वाचला असं डॉक्टरांचं मत पडलं.

आता आजींना नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवणार नाही. तंबाखूच्या पाण्याने गोचीड मरते हे खोटं नाहीच. निकोटिन हे मुळात कीटकनाशक. पिकावरच्या माव्यासाठी तंबाखूचा काढा शेतकरी पूर्वापार फवारत आले आहेत, आणि निकोटिन सल्फेट नावाने कारखान्यात बनवलेलं तेच औषध जगभर विकलं गेलं आहे. आजींच्या उपायात तर्क होता, प्रमाण नव्हतं. आणि गंमत बघा, या विषाची ओळख आजींइतकी आमच्यात कुणालाच नव्हती. तरुणपणी पावसात भिजलेली तंबाखूची पानं खुडताना मळमळायचं, डोकं गरगरायचं, बायका बांधावर जाऊन ओकायच्या, हे त्यांनीच मला संध्याकाळी सांगितलं. 'तंबाखू लागली' म्हणायच्या त्याला. डॉक्टरी पुस्तकांत त्याला ग्रीन टोबॅको सिकनेस असं नाव आहे. जे आपल्या हातातून अंगात शिरत होतं तेच कुत्र्याच्या कातडीतून शिरेल, हे दोन धागे तेवढे जोडले गेले नव्हते.

माझा राग आहे तो दाजींच्या 'काही न्हाई'वर. आणि खरं सांगायचं तर तो रागही पुरता दाजींवर नाही. रात्री विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की मागे म्हशीच्या वेळी दुसऱ्या एका डॉक्टरांना (गाव सांगत नाही) खरं सांगितलं, तर सगळ्यांसमोर 'अडाणी' म्हणून ऐकून घ्यावं लागलं होतं. "तवापासनं म्या सांगतच न्हाई." म्हणजे शहाण्या माणसाने एकदा झापलं आणि त्याची किंमत पुढच्या डॉक्टरने आणि खंड्याने मोजली.

माणूस रुग्ण असला तर कधी ना कधी बोलून जातो. कुत्र्याची हकीकत आपण सांगू तेवढीच. आम्ही कचेरीतली माणसं, ज्याची फाईलवर नोंद नाही ते घडलंच नाही असं धरून चालतो. जनावराच्या केसपेपरचंही तसंच आहे. 'तंबाखू' हा शब्द पडला नसता तर ती थरथर तापाची समजून औषध झालं असतं.

कारण ताप खरोखर होताच. दुपारी खंड्या जरा सावरल्यावर डॉक्टरांनी रक्त घेऊन कोल्हापूरला पाठवलं. प्लेटलेट ६२ हजार, निरोगी कुत्र्यात त्या दोन लाखांच्या आसपास किंवा वर असतात. गोचीड ताप. कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीतून येतो तो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याची शेकडो कुत्री याच आजाराने गेली. औषध मात्र जुनं आणि स्वस्त आहे, डॉक्सिसायक्लिन, जेवणाबरोबर, २८ दिवस. कुत्रं आठव्या दिवशी शेपूट हलवायला लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात, तिथे घोळ होतो.

सलाईन चालू होतं तेव्हा आमची खरी चर्चा झाली. मी मुद्दामच सगळं विचारून घेतलं, दाजींनी ऐकावं म्हणून. पपईच्या पानांचा रस? "द्या, हरकत नाही. मीही काहींना सांगतो. पण गोळीच्या जागी नाही, गोळीबरोबर." होमिओपॅथीच्या साबुदाणा गोळ्या? "त्यांनी मरणार नाही, पण त्यांच्यावर विसंबून आठवडा घालवलात तर तापाने मरेल." कडुलिंबाच्या पाण्याने पुसलं तर चालेल, गोचीड पक्की झाली असेल तर मात्र फार उपयोग नाही. लसूण? नको. कुत्र्याच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, आणि याचं रक्त आधीच कमी आहे. खरजेवर गंधक आणि खोबरेल तेल हे जुनं औषध चांगलं आहे, पण त्याऐवजी गाडीचं जळकं ऑईल फासतात ते कधीही नको. आपल्या अंगदुखीच्या गोळ्याही नकोत, आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याच्या पोटात व्रण करते आणि मूत्रपिंडावर जाते.

करंजाच्या तेलाचं विचारलं तेव्हा एक मजा झाली. करंजाला कानडीत होंगे आणि तंबाखूला होगेसोप्पु. दाजींचं कानडी कामचलाऊ. डॉक्टर 'होंगे एण्णी थोडं लावलं तर चालेल' म्हणाले आणि दाजी दचकून माझ्याकडे बघायला लागले. एका अनुस्वाराने कुत्रं पुन्हा टेबलावर आलं असतं. सीमाभागाचे असेही प्रश्न असतात, त्यांवर मोर्चे निघत नाहीत.

पारंपरिक उपचार म्हटलं की आपल्याकडे दोनच गट पडतात. एक म्हणतो सगळं वेदात होतं, दुसरा म्हणतो सगळी भोंदूगिरी. दोघांनाही प्रमाण लिहून ठेवायचा कंटाळा. गायी-म्हशींच्या कासदाहावर कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आज अधिकृतपणे सांगतं, ग्रॅममध्ये मापं देऊन. मापं दिली की ते औषध होतं. आजींच्या मुठीला माप नव्हतं. आणि उपचार कोणी करावा याचाही कायदा आहे, १९८४ चा पशुवैद्यक परिषदेचा. नोंदणी असलेल्या पशुवैद्यानेच. म्हणजे पर्याय विचारायचे तेही त्यालाच विचारायचे.

पिसाळण्याच्या बाबतीत मात्र पर्याय हा शब्दच नको. सुश्रुताने कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाचं वर्णन केलं आहे, उपाय दिले आहेत, आणि रुग्ण पाण्याला भ्यायला लागला की तो हातचा गेला हेही लिहून ठेवलं आहे. इतका प्रामाणिक शेरा आजचे कुत्राचावीवर मंत्र घालणारे देत नाहीत. आमच्या गोव्यात घरोघर, रस्तोरस्ती कुत्र्यांना लस टोचत गेले, तेव्हा २०१७ नंतर काही वर्षं माणसाचा एकही रेबीज मृत्यू नोंदला गेला नाही, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. खंड्याची लस? केसपेपरवर तो रकाना रिकामा होता. ताप उतरल्यावर डॉक्टरांनी ती टोचली.

माझी सूचना साधी आहे. केसपेपरवर 'घरी केलेले उपचार' असा एक रकाना छापावा, आणि डॉक्टरांनी तो भुवया न उडवता भरावा. छपाईला फार तर एक ओळ जास्त लागेल. मी ते डॉक्टरांना बोललो, तर त्यांनी पेनानेच खंड्याच्या कागदावर रेघ मारून रकाना पाडला.

महिन्याने फेरतपासणीला आजी स्वतः गेल्या. आक्काने फोनवर सांगितलं. प्लेटलेट दोन लाख दहा हजार. आजींनी डॉक्टरांना सगळं पाठ म्हणून दाखवलं: पपईचा रस दोन चमचे रोज सकाळी, लिंबाचं पाणी आठवड्यातनं दोनदा, गोळी एकबी चुकली न्हाई. डॉक्टरांनी लिहून घेतलं. गोचिडीच्या गोळीची किंमत ऐकून आजी म्हणाल्या, एवढ्यात माझा महिन्याचा चहा हुतोय. तरी घेतली. आणि उठताना विचारलं, "डॉक्टर, म्हशीला तरी चालतंय का हो तंबाखूचं पाणी?"