मानके जिनिव्हाची, घाम भंडाऱ्याचा

परदेशी कंपनी ही भंडारा जिल्ह्याला नवी गोष्ट नाही. नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यातील मँगनीज इंग्रजी अमलात सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर या ब्रिटिश कंपनीने खणले. भूमीच्या पोटातली संपत्ती सातासमुद्रापार गेली, खणणाऱ्याच्या वाट्याला केवळ रोजंदारी आली. १९६२ साली ‘मॉयल’ची स्थापना होऊन ५१ टक्के भाग केंद्र व दोन राज्य सरकारांकडे आला; १९७७ साली उरलेला ४९ टक्केही विकत घेण्यात आला. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी आज त्याच कंपनीच्या आहेत. मालकी स्वदेशी झाली, ही अभिमानाची बाब होय. परंतु उद्योग स्वदेशी असो वा विदेशी, त्याची कसोटी एकच आहे. आपल्या साखळीतील अखेरच्या श्रमिकाला तो काय देतो?

बहुराष्ट्रीय कंपन्या आणि आंतरराष्ट्रीय श्रममानके यांची चर्चा निघाली की आपल्याकडे दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटतात. एक वर्ग जिनिव्हाहून आलेल्या प्रत्येक शब्दाला वेदवाक्य मानतो, तर दुसऱ्याला त्यात केवळ पाश्चात्त्यांचे कारस्थान दिसते. इतिहास दोघांनाही पुरती साथ देत नाही. १९१९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा भारत संस्थापक सदस्य आहे. तिच्या पहिल्याच कराराने उद्योगांतील कामाचा आठवडा ४८ तासांचा ठरवला; ब्रिटिश हिंदुस्थानसाठी मात्र वेगळे कलम घालून ६० तास मान्य केले. परतंत्र देशाच्या घामाचे मापही निराळे! पुढे १९४६ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर खात्याचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विधेयक मांडले आणि बारमाही कारखान्यांतील कमाल तास ५४ वरून ४८ वर आले. तेच बाबासाहेब १९५४ साली भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत उभे राहिले आणि पराभूत झाले, याचे स्मरण या जिल्ह्याने ठेवले पाहिजे. मानक परक्यांनी लिहिले. ते भारतीय श्रमिकाच्या पदरात टाकण्याचे काम भारतीयालाच करावे लागले.

नव्वदच्या दशकात हाच विषय जागतिक व्यापाराच्या दारातून आत आला. श्रममानकांची सांगड व्यापाराशी घालण्याचा आग्रह श्रीमंत राष्ट्रांनी धरला. १९९६ च्या सिंगापूर परिषदेत भारताने त्याला विरोध केला. भारतीय मजदूर संघासह देशातील कामगार संघटनांनीही स्वस्त श्रमाच्या देशांची निर्यात रोखण्याचा हा डाव ओळखला. ती भूमिका योग्यच होती. पण नोव्हेंबर १९९९ मध्ये अमेरिकेने वेठबिगार बालकांच्या श्रमाचा संशय घेऊन एका भारतीय कंपनीच्या विड्यांची आयात थांबवली, तेव्हा केवळ अमेरिकेच्या हेतूवर बोट ठेवून भागणारे होते काय? बोट दाखवणाऱ्याचा हेतू मलिन असला म्हणून आपल्या वस्त्रावरचा डाग धुतला जात नाही.

विडी हा तर भंडारा-गोंदियाच्या तेंदूवनांच्या आधारे वाढलेला धंदा. मांडीवर सूप घेऊन घरी विड्या वळणारी स्त्री कारखानदाराला ओळखत नाही. तिची गाठ पडते ती ठेकेदाराशी. पान-तंबाखू तो देतो, हजार विड्यांमागे मजुरी तो मोजतो, खराब विड्या बाजूला काढून मजुरी कापणाराही तोच. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी काम करणारीलाही कामगार मानले. १९७६ साली कल्याण निधी उभा राहिला. त्यासाठीचा उपकर वस्तू व सेवा कर आल्यावर २०१७ साली संपला. गृहश्रमिकांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९९६ चा. त्याला भारताने अद्याप मान्यता दिलेली नाही.

आजच्या बहुराष्ट्रीय कंपनीची रचना या विडीच्या साखळीहून वेगळी नाही. वर नाममुद्रा, खाली पुरवठादार, त्याखाली उपठेकेदार आणि तळाशी हजेरीपटावर नाव नसलेला माणूस. नफा वर चढतो, जबाबदारी मात्र प्रत्येक पायरीवर गळत जाते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्चण्याचे बंधन घातले. त्यातून शाळा, रुग्णवाहिका, वृक्षारोपण झाले. त्याचे स्वागतच आहे. पण उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळाले, हे कोण विचारणार? दान हे वेतनाला पर्याय ठरू शकत नाही.

सुरक्षिततेचेही तसेच. २०२२ साली सुरक्षित कार्यस्थळाला श्रमिकाच्या मूलभूत हक्कांत स्थान मिळाले. त्यानंतर २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन किमान आठ जण मृत्युमुखी पडले. कारखाना देशाचा, उत्पादन देशरक्षणाचे. म्हणूनच तेथील दक्षता जगाला आदर्श वाटावी अशी असली पाहिजे.

विदर्भाचे सुपुत्र दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ साली भारतीय मजदूर संघ स्थापन करताना राष्ट्रहित, उद्योगहित आणि कामगारहित ही एकाच सूत्रात गुंफली. या तिन्हींत विरोध नाही, हीच आपली दृष्टी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. आता शासनाने गृहश्रमिकांच्या कराराला मान्यता द्यावी, उपठेकेदाराच्या कसुरीसाठी मूळ कंपनीला उत्तरदायी धरावे आणि वार्षिक अहवालात दानाच्या आकड्याशेजारीच ठेक्यावरील श्रमिकांची संख्या, त्यांचे वेतन व अपघात छापणे बंधनकारक करावे. वरठीच्या पोलादापासून चिखल्याच्या खाणीपर्यंत हा नियम सारखाच लागू व्हावा.

परकीय ग्राहकाने तपासनीस धाडण्यापूर्वी आपणच आपले घर तपासले, तर कोणाच्याही प्रमाणपत्राची गरज उरणार नाही. अंत्योदय हा आपला शब्द आहे. त्याचा अर्थ सूप मांडीवर घेतलेल्या त्या माउलीच्या मजुरीत दिसला पाहिजे.