कुटुंबवैद्य हवेत; पण खर्च कोणाचा?

कुटुंबाचा डॉक्टर घडवण्याचा खर्च कोणी उचलायचा, या प्रश्नाने अमेरिकेतील लहान सामुदायिक रुग्णालयांना अनेक वर्षे सतावले आहे. महाराष्ट्रातील तरुण डॉक्टर प्रशिक्षणासाठी तेथे जातात, आणि आपल्याकडेही हीच वाट चोखाळली जात आहे. म्हणून तेथील अनुभव तपासून पाहण्याजोगा आहे.

फॅमिली मेडिसिनला अमेरिकेत १९६९ मध्ये स्वतंत्र विशेषशाखेचा दर्जा मिळाला. तेथील निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा सर्वांत मोठा आर्थिक भार ‘मेडिकेअर’ ही प्रामुख्याने ज्येष्ठांसाठी असलेली सरकारी विमा योजना उचलते. मात्र १९९७ च्या कायद्याने बहुतेक रुग्णालयांच्या अनुदानित जागा १९९६ च्या संख्येवर गोठवल्या. ज्यांच्याकडे तेव्हा जागा होत्या, ती मोठी रुग्णालये फायद्यात राहिली.

लहान रुग्णालयांची कोंडी वेगळीच. दुसऱ्या संस्थेचे मोजके निवासी डॉक्टर काही आठवड्यांसाठी सामावून घेतले, एवढ्यावरून काहींची मर्यादा त्या नगण्य संख्येवर कायमची ठरून गेली. ती नव्याने ठरवून घेण्याची संधी डिसेंबर २०२० च्या कायद्याने दिली. देशभरासाठी १ हजार नव्या जागाही त्यानेच मंजूर केल्या. पण वर्षाला २०० पेक्षा अधिक नाहीत.

खरी मेख व्यवस्थापनात आहे. कुटुंबवैद्य घडतो तो बाह्यरुग्ण विभागात, वर्षानुवर्षे त्याच कुटुंबांना तपासून; मेडिकेअरचा पैसा मात्र मुख्यतः रुग्णालयाकडे जातो. २०१० च्या आरोग्य कायद्याने सामुदायिक आरोग्य केंद्रांना थेट निधी देणारी योजना आणली. परंतु तिला वेळोवेळी अमेरिकी काँग्रेसकडून मुदतवाढ घ्यावी लागली. प्रशिक्षण तीन वर्षांचे आणि निधीची हमी त्याहून कमी काळाची असेल, तर जागा वाढवण्याचे धाडस कोण करणार?

भारतात राष्ट्रीय आयुर्विज्ञान परीक्षा मंडळाने २०२० मध्ये एमबीबीएसनंतरचे दोन वर्षांचे पदविका अभ्यासक्रम आणले. त्यांत फॅमिली मेडिसिनही आहे. जिल्हा रुग्णालयांना ही मोठी संधी आहे. पण जागा मंजूर करणे सोपे असते. विद्यावेतनाची पूर्ण मुदतीची तरतूद, शिकवणारे वरिष्ठ आणि शिकवण्यासाठी त्यांना मोकळा वेळ यांची हमी नसेल, तर प्रशिक्षणार्थी केवळ ड्युटीची रिकामी जागा भरणारा हात ठरेल. त्याची किंमत अखेर तालुक्याच्या गावातील रुग्णालाच मोजावी लागेल.